वीतभर लांबून

हे लिहिणारच नव्हतो. सांगण्यासारखं काय आहे त्यात, दोन पोरं आणि एक माशी. पण डोक्यातून जात नाही, म्हणून टाइप करतोय.

ढिम्मच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत, बाहेरच्या चौकटीवर, एक कुंभारीण माशी मातीचं मडकं बांधत होती. गोटीएवढं. ढिम्म म्हणजे माझा मित्र. लिफ्ट दुरुस्त करतो. कॅमेरा लावून बसला की हलत नाही, म्हणून नाव ढिम्म. पहिल्या चिखलाच्या गोळीपासून तो तिच्यावर डोळा ठेवून होता. तिने मडकं बांधलं, आत अंडं घातलं, पिल्लाच्या खाण्यासाठी अळ्या कोंबल्या. आता तोंड लिंपायचं राहिलं होतं, आणि ते एकदाच होतं. वाचनालयाने ढिम्मला फोटो लावायला अख्खी भिंत दिली होती, आयुष्यातली पहिली. त्या भिंतीवरचा शेवटचा फोटो हाच. जुन्या लेन्समध्ये मडकं यायचं, पण माशीचे जबडे, पाय, काही म्हणजे काही दिसायचं नाही. बारीकसारीक मोठं करून टिपणारी, खरीखुरी मॅक्रो लेन्स हवी होती.

दुकानदाराने दोन लेन्स दुपारपुरत्या दिल्या. एक साठ मिलिमीटरची, एक दीडशेची. पटेल ती ठेव, दुसरी आणून दे म्हणाला.

मी सगळे रिव्ह्यू कोळून प्यालेलो. साठची घे म्हणालो. हलकी आहे, फोटो जास्त स्पष्ट येतो. आणि खोक्यावर लिहिलंय, अठरा सेंटीमीटरवरून फोकस लागतो, म्हणजे जवळजवळ वीतभर लांब राहशील. ढिम्मने ऐकलं. माझं तो नेहमी ऐकतो, हीच तर भानगड आहे.

माशी तोंडात ओली माती घेऊन आली. ढिम्म पुढे सरकला. फोकस लागेना. आणखी पुढे. लागला तेव्हा लेन्सची काच मडक्यापासून चार बोटांवर होती आणि सगळा उजेड लेन्सनेच अडवलेला. माशी थबकली. मातीची गोळी खाली पडली. माशी गेली.

तेव्हा आम्हाला कळलं. ते अठरा सेंटीमीटर काचेपासून मोजतच नाहीत. कॅमेऱ्याच्या आत, जिथे चित्र उमटतं, तिथून मोजतात. निम्म्याहून जास्त अंतर कॅमेरा आणि लेन्सच खाऊन टाकतात.

मडकं उघडं राहिलेलं. ती परत आली नाही तर भिंत अर्धवट, आणि आतलं सगळं मुंग्यांचं. मी शिव्यांची वाट बघत होतो. ढिम्मने साठची काढून माझ्या हातात दिली, लांबूनही तेवढंच मोठं टिपणारी दीडशेची चढवली आणि चक्क मागे सरकला.

"घाबरली नाही रे ती," म्हणाला. "तिला काम करायला जागाच नाही ठेवली आपण."

बसलो. मी मांडी बदलली, टेकलो, उठलो, परत बसलो. एक मुंगी ढिम्मच्या मानेवरून चढून कानात डोकावून गेली. खाज मला सुटली. तो हलला नाही.

ती आली.

पुढचं बघायला तुम्ही हवे होतात. फोकसच्या रिंगला त्याने हात लावला नाही. लेन्स जड, कोपरं गुडघ्यांवर रोवलेली, आणि श्वासाबरोबर तो स्वतःच केसभर पुढे, केसभर मागे. अख्खा माणूस फोकस करत होता. श्वास सोडून झाला की क्लिक. ती लिंपत होती, हा श्वास घेत होता. कोण कोणाच्या तालावर चाललंय, कळेना.

तोंड बंद झालं. माशी उडाली. त्याने मला एकच फोटो दाखवला. ओल्या मातीवर तिच्या जबड्यांचे ठसे, एकाला लागून एक, कुणीतरी चिमटीने दाबत गेल्यासारखे. मी साठची उचलून खोक्यात घातली.

त्याच्या आईने, म्हणजे काकूंनी, मागून विचारलं, आता तरी खिडकी लावू का.

"नको गं आई. आत पिल्लू आहे."

"म्हणजे बाळंतपणही माझ्याच खिडकीत," काकू म्हणाल्या आणि ओट्याकडे वळल्या.

ढिम्म लेन्सची काच पुसत बसला. भिंत तर भरली. पण पिल्लू मडकं फोडून निघेल, तेव्हा हा कामासाठी बाहेरगावी असणार. मग दीडशेची माझ्यापुढे धरली. मला, अख्खी दुपार एका जागी न टिकलेल्या माणसाला, विचारलं, "तू बसशील?"

"बसेन," मी म्हणालो. "आणि जवळ जाणार नाही."