एक मातीचं कौल

"ही जिवंत कौलं, काकी," दुकानदार सांगत होता. "गारा आल्या की जाड होतात, ऊन तापलं की पांढरी पडतात. तडा गेला तर आपोआप भरून येतो. आता दरवर्षीची शाकारणी विसरा."

शेवंतीकाकींनी एक कौल हातात घेऊन पाहिलं. छप्पर शाकारायला म्हणून तर त्यांचा जयवंत दर वैशाखात समुद्रावर तरंगणाऱ्या शहरातून चार दिवस घरी यायचा. छपरावर बसूनच चहा मागायचा. आईला त्रास नको म्हणून ही कौलं त्यानेच पसंत केली होती.

"सगळी हीच घाला," त्या म्हणाल्या. "चुलीवरचं एक मात्र साधं, मातीचं ठेवा."

"तेवढंच फुटेल, काकी."

"फुटू दे. गळायला लागलं की जयवंतला कळवीन."