भंडाऱ्याची झडती

लोकल बोर्डाच्या शाळेतून गुंडा तिसऱ्यांदा पाठीवर वळ घेऊन आला, पण मारणाऱ्याचं नाव काही सांगेना. तेव्हा मंद्रूपजवळच्या त्या वाडीतले सगळे आईबाप बिरोबाच्या देवळात जमले. जो तो दुसऱ्याच्या पोराकडं संशयानं बघत होता.

म्हातारा पुजारी धुळाप्पा पोरांना म्हणाला, "गाभाऱ्यात अंधार हाय. एकेकानं आत जायचं. ज्यानं गुंडाला मारलं न्हाय, मार बगून हसलाबी न्हाय, त्यानंच भंडाऱ्यात हात घालायचा. लबाडी केली तर बिरोबा बगून घेईल."

गुंडासकट अकरा पोरं आत जाऊन आली. धुळाप्पानं सगळ्यांना हात उघडायला लावले. एकट्या गुंडाचा तळहात हळदीनं पिवळा होता. बाकीचे दहाही कोरडे.

"माझ्या पोराला कोंडीबाच्याच पोरानं नादी लावलं की!" त्या दहातल्या एकाची आई सारजाबाई समोरच्या कोंडीबाकडं बोट करून ओरडली.

धुळाप्पानं भंडाऱ्याचं ताट बाहेर आणून उजेडात, सगळ्यांच्या मधोमध ठेवलं.

"ज्या आयबापाला ह्यातलं कायबी ठावं नव्हतं, त्यानं आता हात घालावा."

एकेक हात हळूच घोंगड्याखाली, पदराखाली गेला.