अर्ध्यावर सरकलेली बातमी

अशी कल्पना करा बरं, की तुम्ही सलूनच्या उंच खुर्चीत बसला आहात. गळ्याशी कापड बांधलंय, हात बाहेर काढून तुम्ही फोनवर बातम्या वाचताय. आणि मागे उभा असलेला सलूनवाला केस कापता कापता तुमच्या खांद्यावरून त्याच बातम्या वाचतोय. दुकान उघडं असताना स्वतःच्या फोनला हात लावायचा नाही, हा त्याचा नियम. म्हणून जगातलं सगळं विज्ञान त्याला गिऱ्हाइकांच्या फोनवरून कळतं. अडचण एवढीच, की मध्येच गिऱ्हाइकाचा अंगठा हलतो आणि बातमी अर्ध्यावर निघून जाते.

त्या दिवशी सकाळी त्याने बँकेतल्या साहेबांच्या फोनवर वाचलं, ‘रोबोटच्या मदतीने गुडघ्याची शस्त्रक्रिया चालू असताना वीज गेली आणि...’ तेवढ्यात साहेब खेळाच्या पानावर गेले.

अकरा वाजता बेकरीवाले आजोबा काठी टेकत आले. बाकावर सलूनवाल्याची नऊ वर्षांची मुलगी गणितं सोडवत होती. तिच्या शेजारी त्यांनी दवाखान्यात न्यायची पिशवी धपकन ठेवली.

“मी काही जात नाही. ऑपरेशन रद्द. मुलाला सांगायचं तेवढं राहिलंय.”

“अहो काका, का? किती दिवसांनी तारीख मिळालीय!”

“अरे, माझंही रोबोटवालंच आहे ना! समोरच्या शिंप्याने सगळं सांगितलं. वीज गेली, रोबोटचं डोकं फिरलं आणि त्याने दुखरा सोडून धडधाकट गुडघा कापला! आणि शिंप्याला कोणी सांगितलं? तू!”

सलूनवाला वस्तऱ्यात पातं बसवत होता. त्याचा हात थांबला. “मी फक्त वीज गेली एवढंच म्हणालो. धडधाकट गुडघा त्याने पदरचा घातलाय.”

“बरं, मग पुढे काय झालं ते तू सांग.”

“पुढे काय होणार, काका? वीज गेली की सगळं बंद. आपला ट्रिमर नाही का, ऐन अर्ध्या मिशीवर थांबतो?”

आजोबांनी आपल्या गुडघ्याकडे पाहिलं, जणू तोच आता अर्धा राहणार होता. “संपलं तर मग. सहा महिने भट्टीसमोर स्टुलावर बसून पाव भाजतोय, तसाच भाजेन.” त्यांनी पिशवी उचलली.

“बाबा,” मुलीने वहीतून डोकं वर काढलं, “पुढे काय झालं ते तुला माहीत आहे, की तुला तसं वाटतंय?”

“अगं, साधी गोष्ट आहे...”

“माहीत आहे का?”

सलूनवाल्याने तोंड फिरवलं. पण सलूनमध्ये तोंड फिरवून उपयोग नसतो. या भिंतीच्या आरशात मुलगी होती, त्या भिंतीच्या आरशातही मुलगीच होती. आणि दोघी त्याच्याचकडे बघत होत्या.

“नाही माहीत,” तो म्हणाला.

त्याने वस्तरा खाली ठेवला, ड्रॉवरमधून फोन काढला आणि तिच्या हातात दिला. “शोध. सावकाश वाच. मोठ्याने.”

तिला ती बातमी सापडायला जरा वेळ लागला. मग ती बोट ठेवून वाचू लागली. “वीज गेली आणि यंत्राचा हात होता तिथेच थांबला. काही क्षणांत दवाखान्याचा जनरेटर सुरू झाला. हत्यार डॉक्टरांच्याच हातात होतं. यंत्राचं काम एवढंच, की त्यांचा हात आखलेल्या रेषेबाहेर जाऊ द्यायचा नाही. शस्त्रक्रिया नीट पार पडली. चौथ्या दिवशी रुग्ण चालत घरी गेला.”

“संपली?” आजोबांनी विचारलं.

“संपली. खाली पंख्याची जाहिरात आहे.”

आजोबा बाकाच्या कडेवर टेकले. “आणि माझ्या वेळी वीज गेली तर?”

मुलीने पुन्हा फोनमध्ये पाहिलं. वरपासून खालपर्यंत. “ते यात नाही, आजोबा. यातले आजोबा वेगळे आहेत. तुमचं तुमच्या डॉक्टरांना विचारायला लागेल.”



आजोबांनी तिथूनच फोन लावला. “डॉक्टरबाई, उद्या मध्येच वीज गेली तर?” असं त्यांनी एवढ्या मोठ्याने विचारलं, की रस्त्यावरचे दोघे वळून बघू लागले. मग बराच वेळ ते नुसतं “हं... हं...” करत राहिले. फोन ठेवला आणि स्वतःच खुर्चीत चढून बसले.

“दाढी कर. गुळगुळीत कर. दुपारी भरती व्हायचंय.”

सलूनवाल्याने त्यांच्या गळ्याशी कापड हलकेच बांधलं, फेस लावला आणि वस्तरा टेकवला. “काका, चुकलं माझं.”

“चुकलंच. पण आता बोलू नकोस, वस्तरा माझ्या गळ्याशी आहे.”

“बाबा,” मुलीने विचारलं, “सकाळपासून ही बातमी किती जणांना सांगितलीस?”

तो वस्तरा हवेत धरून आठवू लागला. “शिंप्याला. औषधाच्या दुकानात. दूधवाल्या मावशींना.” मग त्याचा आवाज खाली आला. “आणि पोस्टमनला.”

“पोस्टमनला!” आजोबांनी डोळे मिटले.

मुलीने वही मिटली, पायात चपला सरकवल्या आणि फोन छातीशी धरून बाहेर पडली. दुकानातून दोघांनी आरशात पाहिलं. शिंप्याचं दुकान अगदी समोर होतं, पण ती तिथे थांबली नाही. औषधाच्या दुकानाशीही नाही. ती पळत सुटली होती, पोस्टमनची सायकल गेली त्या दिशेने.