धुरपदाच्या नावावर

“बाळ उपडं पडतं का गं आता?” साखरबाईनं विचारलं.

धुरपदानं नुसती मान हलवली. कारखान्याच्या ऑफिसाबाहेरच्या बाकावर दोघी बसल्या होत्या, मधे एक माणूस मावेल एवढी जागा सोडून. एरवी या दोघी एका ताटात जेवणाऱ्या. निमोण्यात एकाच वर्षी सुना म्हणून आलेल्या आणि शिरूरजवळच्या या पशुखाद्याच्या कारखान्यात एकाच दिवशी कामाला लागलेल्या. साखरबाईचा डावा हात पदराखाली होता. म्हणजे मनगटाच्या वर जेवढा उरला होता तेवढा.

चार महिन्यांपूर्वी धुरपदाची लेक पूनम दौंडला बाळंत झाली. धुरपदाचा जीव तिकडे लागला होता, पण एक खाडा झाला तरी मारुतराव मुकादम नाव काढून टाकणार. वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले की बाईला कायम करा म्हणता येतं, म्हणून तो कुणाचे ते भरूच द्यायचा नाही. मधेच ब्रेक द्यायचा. साखरबाई तेव्हा ब्रेकवरच होती. ती म्हणाली, “जा तू, नातू बघून ये. तुझ्या नावावर मी हुबी ऱ्हाते.” बायका असं नेहमीच करायच्या आणि मारुतरावाला ते ठाऊक असायचं. पोती भरली की त्याचं काम झालं. धुरपदा दौंडला गेली त्याच दुपारी भरड्याच्या मशीनमध्ये साखरबाईचा हात गेला.

आज कामगार खात्याचे साहेब चौकशीला आले होते. शिरूरच्या वकील प्रतिभाताईंनी काल दोघींना समोर बसवून नीट समजावलं होतं. हजेरी कुणाच्याही नावाची असो, जिचा हात गेला तिला भरपाई द्यावीच लागते. मशीनवर कोण होतं, एवढं फक्त धुरपदानं सांगायचं. त्यात तिला काही शिक्षा नाही. “सांगते की,” धुरपदा म्हणाली होती, “माझ्यापायीच तर गेला तिचा हात.”

पण आज प्रतिभाताईंना फाटकातच अडवलं. चौकशी सरकारची असली तरी फाटक कारखान्याचं होतं.

दोघींना आत बोलावलं. साहेबांपुढे हजेरीचं पुस्तक उघडं होतं. कारकुनानं साखरबाईचा जबाब लिहून घेतला. ती सगळं सांगत गेली, कुणाला नावं न ठेवता. तिचं संपलं तसा मारुतराव पुढे झाला.

“साहेब, पुस्तकात धुरपदाची हजेरी हाय. ही साखरबाई ब्रेकवर हुती, आत येईलच कशी? हिचा हात घरी कडबाकुट्टीच्या मशिनीत गेलाय. दवाखान्याच्या कागदावर बी तसंच हाय.”

दवाखान्यात तसं सांगणारा तोच होता. साखरबाईला तेव्हा शुद्ध नव्हती.

“माझ्याकडं एक शेळी हाय, साहेब,” साखरबाई म्हणाली. “एका शेळीसाठी कडबाकुट्टी कोन घेतंय?”

साहेबांना हसू आलं, ते त्यांनी दाबलं. माणूस वाईट नव्हता. पण बाकीच्या बायकांनी आपण काही पाहिलं नाही असं लिहून दिलं होतं. आता सगळं धुरपदावर होतं.

“घाबरू नका,” साहेब तिला म्हणाले. “त्या दिवशी मशीनवर कोण होतं?”

धुरपदानं मारुतरावाकडे पाहिलं. सकाळीच त्यानं तिला कायम होणाऱ्यांची यादी दाखवली होती. अपघातापासून त्यानं तिला ब्रेक दिलाच नव्हता; दोनशे चाळीस दिवस भरलेली ती पहिलीच बाई. अकरा वर्षं तिनं या कागदाची वाट पाहिली होती. त्या दिवसांतला एक दिवस साखरबाईचा होता, आणि तो बोलून दाखवला की यादीतलं नाव गेलं.

“मीच हुते,” ती म्हणाली.

“धुरपे,” साखरबाई म्हणाली. एवढंच.

“आणि अपघात?” साहेबांनी विचारलं.

“कुनाला काय झालं न्हाई. माझे हात…”

“दाखव की साहेबांना,” मारुतराव म्हणाला.

धुरपदानं दोन्ही हात पुढे केले. भरड्यानं खरबरीत झालेले, पण धडधाकट, दहाच्या दहा बोटांचे. साहेबांनी ते पाहिले आणि पुस्तक मिटलं. हात गेला त्या दिवशी साखरबाई रडली नव्हती. आता तिला समोरचं नीट दिसेना.

कारकुनानं धुरपदाचा जबाब पुरा केला, त्यावर तिचा अंगठा घेतला. मग साखरबाईचा कागद ओढला आणि मान वर न करताच शाईचा पॅड तिच्यापुढे सरकवला.

“डाव्या हाताचा अंगठा द्या, बाई.”

पॅडवर अंगठा टेकला नाही. कारकुनानं वर पाहिलं आणि त्याचं तोंड उतरलं. “उजवा… उजवा चालेल,” तो पुटपुटला.

साखरबाईनं उजव्या हातानं पॅड उचलला आणि अलगद धुरपदापुढे ठेवला.

“हिचाच घ्या,” ती म्हणाली. “हिच्या नावावर मी हुबी ऱ्हायले, माझ्या नावावर ही अंगठा दील. आमच्या दोघींत पहिल्यापासनं असंच चालतंय.”