बिनवासाची पट्टी

बनियनच्या कमरेपाशी इस्त्री अडली. तिसऱ्या बनियनवर, तिसऱ्यांदा, बरोबर त्याच जागी.

बनियनला इस्त्री कोण करतं, असं विचारू नका. ती करायची. घराच्या पुढच्या खोलीत सतरा वर्षं ती लोकांचे कपडे इस्त्री करत होती आणि एक गोष्ट पक्की शिकली होती, की गरम इस्त्रीखाली कापड पोटातलं सगळं ओकतं. कोण चोरून पितं, कोण कुणाचं अत्तर अंगावर घेऊन घरी जातं, तिला वाफेवर कळायचं. बोलायची मात्र नाही. गिऱ्हाईक टिकवायचं असतं.

गेले पाच आठवडे ती नवऱ्याचे कपडे जरा जास्तच मन लावून करत होती. नवरा बस ड्रायव्हर. मणक्यातली गादी सरकलेली, वर्षभर स्टिअरिंगला हात नाही, पायात मोजेसुद्धा तीच घालून द्यायची. सोमवारी मणके जोडायचं ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून बजावलं होतं, सिगारेट बंद, निकोटीन कुठल्याच वाटेने अंगात जाता कामा नये, नाहीतर हाड सांधत नाही. उद्या लघवी तपासणार होते. त्यात सापडलं तर तारीख रद्द, आणि पुढची तारीख सहा महिन्यांनी.

आता तीस वर्षांची सिगारेट सोडलेला माणूस घर डोक्यावर घेईल की नाही? हा पहिले चार दिवस भांडला, आणि पाचव्या दिवसापासून एकदम शहाण्यासारखा वागायला लागला. चहा गार झाला तरी गप पिऊन टाकायचा. तेव्हाच तिला वाटलं, इथे पाणी मुरतंय. तिने त्याचे शर्ट करपतील इतक्या गरम इस्त्रीखाली घातले आणि नाक लावलं. धुराचा मागमूस नाही. खिसे उलटे केले. डेपोतला मित्र भेटायला आला तेव्हा दोघांच्या मध्ये जाऊन बसली. काही नाही. मेलं आपलंच मन संशयी, म्हणून तिने स्वतःला चार शिव्याही घालून घेतल्या.

आणि आता हा चिकटा.

तिने इस्त्री उभी केली, बनियन उलटं केलं. आत चौकोनी डाग होता, कडांना चिकट.

"अहो, कमरेला काय लावता?"

"दुखण्याची पट्टी." तो भिंतीला पाठ टेकून उभा होता. बसणं त्याला फार वेळ जमायचं नाही. "मेडिकलमधून आणली. सगळेच लावतात."

उत्तर जरा जास्तच पटकन आलं. तिने डाग नाकाशी नेला. दुखण्याच्या पट्ट्या तिला काही नव्या नव्हत्या, गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांचे कपडे तिच्याकडेच यायचे. त्या पट्ट्यांचा कापराचा वास तीन धुण्यांत जात नाही. या डागाला वासच नव्हता.

"इकडे या."

"अगं, आत्ता कशाला..."

"या म्हणते ना."

तो आला. तिने कमरेचा पट्टा सैल केला, शर्ट वर केला. माकडहाडाच्या जरा वर, कातडीच्याच रंगाची पट्टी होती.

"कसली आहे?"

"सिगारेट सोडायची." मग खालच्या आवाजात, "निकोटीनची. धूर नसतो गं त्यात."

"डॉक्टर पट्टीचंही बोलले होते. तुम्ही मान हलवलीत. मी बघितलं."

"विसरलो असेन."

"चाळीस थांबे तोंडपाठ आहेत तुम्हाला. हे एवढंच विसरलात?"

ड्रायव्हर माणूस, एरवी वाट्टेल त्याला उलट उत्तर देणारा, आता फरशीकडे बघत होता. तिच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला, आणि तो तिला मुळीच आवडला नाही.

"उद्या तपासणीत सापडायचंच होतं तुम्हाला. ऑपरेशन टळावं म्हणून."

"दुखतं ते माझ्या ओळखीचं आहे," तो म्हणाला. "कसं वळलं की कळ जाते, कसं वळलं की जीव जातो, मला ठाऊक आहे. ते लोक झोपवून आत काय करतील? उठलोच नाही तर? छातीत नुसतं धडधडतं. पट्टी लावली की तासाभरात कंबरही गप्प होते आणि छातीही."

तिला राग आला. रडूही आलं, पण ते तिने नंतरसाठी ठेवलं. एका झटक्यात पट्टी ओढून काढली, तो कळवळला, आणि तिने कपाटावरचा फोन घेतला.

"हॉस्पिटलला लावते. तुम्ही बोला."

"काय बोलू?"

"खरं ते."

"तारीख जाईल."

"जाऊ दे. अजून सहा महिने मोजे घालीन मी. पण लपवून घालवलीत, तर पुढचीही घालवाल."

तिने नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन त्याच्या हातात दिला. नवऱ्यावर तिचा विश्वास होता, पण आजच्या दिवसापुरता नव्हता. घंटी वाजत राहिली. ती अगदी त्याच्यासमोर उभी राहिली, दाराची वाट अडवून.

"बोला," पलीकडून एका बाईचा आवाज आला. "पेशंट तुम्हीच का? काय त्रास होतोय?"

"कंबर," तो म्हणाला.

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"हॅलो? कंबरेचं काय?"

त्याने फोन या हातातून त्या हातात घेतला.

"नाही, ताई. कंबर नाही," तो म्हणाला. "भीती वाटते."