सहीपुरता हात

“मॅडम, सांगा त्याले, बोटं ढिली सोड म्हणा.”

अर्जुनराव हे मंजुश्रीकडे पाहून म्हणाले. ज्यांना सांगायचं ते किसनराव त्यांच्या शेजारीच बसले होते. त्यांचा उजवा हात तर अर्जुनरावांच्याच मांडीवर होता.

“याले सांगा, घाई नको करू म्हणा,” किसनरावांनी भिंतीकडे पाहून उत्तर दिलं.

मंजुश्रीला आता याची सवय झाली होती. तालुक्याच्या गावी तिचा फिजिओथेरपीचा छोटासा दवाखाना होता. हे दोघे म्हातारे दुसरबीडहून पहिल्या बसने यायचे, एकाच बाकावर बसायचे आणि एकमेकांशी अवाक्षर बोलायचे नाहीत. पुढची तारीखही तेच ठरवायचे. ती दहा म्हणाली की ते चौदा म्हणायचे. त्या दिवशी तसंही यायचंच आहे, म्हणायचे.

“भाऊ का तुम्ही?” तिने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

“नाई. शेताले शेत लागून आहे आमचं,” अर्जुनराव म्हणाले.

मग बोलत का नाही, असं विचारलं तर दोघंही छताकडे पाहू लागले. म्हातारपणी माणसं कशावरून रुसतील याचा नेम नाही, असं म्हणून तिने नाद सोडला.

किसनरावांना होळीनंतर लकवा मारला होता. पाय सावरला, वाचा सावरली. उजवा हात मात्र कोपरात मुडपून छातीशी आला, आणि मूठ अशी आवळली की नखं तळव्यात रुतायची. बायको वारलेली. मुलगा कुलदीप पुण्यात. त्याने फोनवर स्पष्टच सांगितलं, “दिवाळीपर्यंत बाबा स्वतःच्या हाताने सही करू लागले, तर राहू देत गावात. नाहीतर मी त्यांना इकडे घेऊन येतो आणि तिथलं सगळं मिटवून टाकतो.”

किसनरावांना पुणं म्हणजे काळ्या पाण्याची शिक्षा. अंगठा लावायलाही ते तयार नव्हते. सातवी पास माणूस अंगठा लावत नसतो, म्हणायचे.

मंजुश्रीने त्यांच्या हाताच्या मापाचं स्प्लिंट करून दिलं. मनगट जरासं वर, बोटं सरळ, अंगठा बाजूला, अशी हात धरून ठेवणारी ती प्लास्टिकची फळी.

“ही फळी हात बरा करत नाही,” तिने बजावलं. “हात आणखी आखडू नये म्हणून धरून ठेवते, एवढंच. बांधायच्या आधी बोटं हळूहळू मोकळी करायची, ओढायची नाहीत. काढल्यावर कातडी लाल झाली का ते पाहायचं. रोज. कोण करणार?”

“मी,” अर्जुनराव म्हणाले.

आणि त्यांनी केलं. पोटच्या पोराने केलं नसतं इतकं केलं. शेतातून आले की आधी किसनरावांच्या ओट्यावर. कोमट पाण्याने तळवा धुवायचा, पुसायचा, एकेक बोट उलगडायचं, मग पट्टे बांधायचे. एकदा मनगटावर लाल वळ दिसला, तर दुसऱ्या दिवशी नुसती फळी घेऊन एकटेच बसने हजर. नातीच्या साखरपुड्याला पंगतीतून उठून गेले, कारण फळी बांधायची वेळ झाली होती. दवाखान्यात येणाऱ्या तरण्याताठ्या मुलांना मंजुश्री अर्जुनरावांचंच उदाहरण द्यायची.

“काका, एवढं कोण करतं हो दुसऱ्यासाठी?” तिने एकदा विचारलं.

“त्याचा हात असाच राह्यला तर मले झोप नाई लागनार, मॅडम,” ते म्हणाले. “एकवीस वर्षं झाले, एकाच बसनं येऊन-जाऊन राह्यलो आम्ही. तो पुण्याले गेला तर मी कोनासाठी येऊ? असं मधातच कसं सोडू?”

मंजुश्रीला भरून आलं. अशी माणसं अजून आहेत, हे तिने त्या दिवशी घरी जाऊन आईलाही सांगितलं.

पोळ्यानंतर मूठ सैल पडू लागली. मग कापड गुंडाळून जाड केलेला पेन हातात आला. सुरुवातीला नुसत्या रेघोट्या, मग अक्षरं.

आज दिवाळीला नऊ दिवस उरले होते. मंजुश्रीने कोरा कागद पुढे सरकवला.

“कोऱ्यावर नाई करत,” किसनराव म्हणाले. “खऱ्या कागदावर करतो.”

त्यांनी पिशवीतून एक टाईप केलेला कागद काढला. पेन टेकवला. हात थरथरला, थांबला, पुन्हा निघाला. अर्जुनरावांनी श्वास रोखून धरला होता. सही व्हायला चांगली दोन मिनिटं लागली. अक्षर वाकडं आलं, पण किसनरावांचंच आलं.

अर्जुनरावांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने डोळे पुसले. मंजुश्रीने सहीचा फोटो काढून कुलदीपला पाठवला. लगेच उत्तर आलं, “हरलो मी. राहू देत त्यांना गावातच.”

तिने ते मोठ्याने वाचून दाखवलं. मग कागद परत करताना तिची नजर वरच्या ओळीवर गेली. कोर्टाचा कागद होता. बांधाचा दावा, दोन हजार चार सालचा, सुनावणी आजचीच.

“बाबा, एकवीस वर्षं कोर्टात भांडताय?” ती चकित होऊन म्हणाली. “कोणाशी?”

किसनरावांनी उजवा हात उचलला. आखडलेलं पहिलं बोट सावकाश सरळ झालं आणि शेजारी बसून डोळे पुसणाऱ्या अर्जुनरावांवर जाऊन थांबलं.