झोळ

डोंगराकडच्या वीजवाहिनीची क्षमता वाढवायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हापासून बाबा माझ्याशी बोलत नव्हते. त्या वाहिनीचे टॉवर तरुणपणी त्यांच्याच टोळीने उभे केले होते आणि पोरगी आता ते पाडणार, अशी त्यांची पक्की समजूत झाली होती. मी तोंड उघडलं की ते रेडिओ मोठा करत. आज अंगणात आईने ओली चादर वाळत घातली, तर दोरी लोंबून चादरीचं टोक मातीत गेलं. "हे खांबच काढून टाका बाई एकदाचे!" आई वैतागली. बाबा खुर्चीतून ताडकन उठले. "खांबांना काय धाड भरलीय? मी रोवलेत ते. झोळ दोरीला आलाय, दोरी बदल!" मला हसू आवरेना. "बाबा, आम्हीही तेच करतोय. जास्त वीज सोडली की जुनी तार तापून जमिनीकडे लोंबते, म्हणून हातचं राखून सोडावी लागते. नवी तार तापली तरी फारशी लोंबत नाही. टॉवर तुमचेच राहणार." बाबा कुरकुरले, "आधी सांगायला काय झालं होतं?" "रेडिओ बोलू देत होता का?" मी म्हटलं. आई म्हणाली, "नव्या तारेचा झोळ ह्यांच्या पोटापेक्षा कमी असला म्हणजे झालं." बाबांनी आतून नवी दोरी आणली, एक टोक खांबाला बांधलं, दुसरं माझ्या हातात दिलं. "ओढा, इंजिनीअरबाई. पण बेतानं. खांब म्हातारे झालेत."